दुसऱ्या ओळीपलीकडचे थेंब

निकिता देवरे ठिपके हलवते, असं तिच्या आईचं म्हणणं. सटाण्याहून चंद्रभागाबाईंचा फोन आला की ठरलेला प्रश्न असतो, "काय करस वं तू? ठिपका हलावस?" निकितानं समजावणं केव्हाच सोडलं आहे. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून चार वर्षं इंदिरानगरच्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांपुढे डोकं फोडल्यावर मिळालेलं हे काम. ते तिला आवडतं आणि चांगलं येतं. आईला नाही कळलं तर नाही.

काम असं. तिचे मालक गोरक्ष बोराडे द्राक्षबागेसाठी ब्लोअर बनवतात. ट्रॅक्टरच्या मागे टाकी, टाकीच्या मागे भला मोठा पंखा, आणि त्या वाऱ्यावर औषध वेलींवर उडतं. नव्या ब्लोअरमधून सुटलेले चार लाख थेंब कोणत्या क्षणी कुठे असतील, याचं गणित संगणक करतो आणि आकड्यांच्या फायली ओकतो. त्या आकड्यांची निकिता फिल्म करते. गेल्या महिन्यात केलेली तिची फिल्म पाहून गोरक्षशेठ खुर्चीतून उठलेच. निळे थेंब सुटतात, पानांत शिरतात, दोन ओळींत सगळं शांत. त्यांनी लगेच जाहिरात छापली : शेजारी फवारणी चालू, तिसऱ्या ओळीत बायकांची विरळणी चालू. मजुरीचा खाडा नाही!

आज दिंडोरीजवळ कारभारीनानांच्या बागेत त्याचंच प्रात्यक्षिक होतं. साडेदहाला. पंचवीस बागायतदार येणार, आधी फिल्म, मग खरी फवारणी, आणि तिसऱ्या ओळीत खऱ्या बायका.

निकिता नऊलाच पोचली आणि शेडमध्ये लॅपटॉप उघडून बसली. दव वाळेपर्यंत घडांतले जादा मणी कातरणारी विरळणीची टोळीही तिथंच टेकली होती. पेठकडच्या भागीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं.

"ताय, ह्ये आमच्या बागेचंच हाय का?"

"हो मावशी. हे औषधाचे थेंब. बघा, पानावर बसले की संपले."

भागीबाईंनी फिल्म दोनदा पाहिली. मग स्क्रीनच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "आन् ह्ये हिकडं चालले त्ये?"

"कुठले?"

"ह्ये! पानावर नाय बसले. कडंला आले आन् गपकन गेले. कुठं गेले?"

निकिता हसली. "मावशी, तिथं चित्र संपतं."

"बाग नाय संपत ना पन." भागीबाईंनी उजवी बाही पुढे केली. खांद्यापासून मनगटापर्यंत निळसर ठिपके. "परवा ह्याच मशीननं मोरचूद-चुना मारला. मी तिसऱ्या ओळीत व्हते. डोळं रातभर चुरचुरलं. ही बाही धुतली, तरी जाईना."

निकिताचं हसू विरलं. तिच्या फायलीत फक्त हवेत असलेले थेंब होते. पानावर बसला तो यादीतून गेला. गणिताची चौकट दुसऱ्या ओळीपाशी संपते, ती ओलांडून गेला तोही गेला. पडद्यावर दोघांचं मरण सारखंच दिसत होतं. चौकटीबाहेर गेलेल्यांची वेगळी फाईल होती. महिनाभर ती तिनं उघडलीच नव्हती.

आता उघडली. शंभरातले अठ्ठावीस. आणि छातीच्या उंचीवरून.

सव्वानऊ. सगळे थेंब घ्यायचे तर लॅपटॉपला दुपार होईल. तिनं दहातला एकच थेंब ठेवला, बाहेर जाणाऱ्यांना लाल रंग दिला आणि फ्रेम काढायला लावल्या. दहाला निम्म्याच झाल्या होत्या. मोटारसायकली येऊ लागल्या. चहा फिरला. गोरक्षशेठ मागून वाकले.

"हे लाल काय लावलंस?"

तिनं सांगितलं. शेठचा चेहरा आखडला.

"तूच म्हणालीस ना, सगळं पानावर बसतं? तुझ्या भरवशावर छापलंय मी!"

"चुकले मी, सर. बायकांना आधी बाहेर काढा."

"एका बाहीच्या डागावरून? जुनी फिल्म लाव. बाकीचं सोमवारी बघू."

"सर, सोमवारी बघायचं तर फवारणीही सोमवारीच करा."

"मला शिकवू नकोस!" ते दात आवळून म्हणाले आणि तोंडभर हसत पाहुण्यांकडे वळले. भागीबाई आणि टोळी तिसऱ्या ओळीत शिरली होती. पहिल्या ओळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर सुरू करून तयार ठेवला होता. टाकीत आज खरं औषध होतं, पाणी नव्हे.

दहा पस्तीस. शेवटची फ्रेम पडली. निकितानं पाहुण्यांसमोर मांडलेल्या टीव्हीला वायर जोडली. दोन फायली शेजारी शेजारी होत्या. शेठ तिच्या हाताकडे बघत होते.

तिनं लाल लावली.

थेंब सुटले, पानांत शिरले, आणि लाल झुंबड दुसरी ओळ ओलांडून कडेवर आपटली. तिनं तिथंच फिल्म थांबवली. मग ती पाहुण्यांकडे वळली.

"हे इथून पुढं कुठं जातात ते माझ्या गणितात नाही. भागीमावशींच्या बाहीवर आहे. माझी आधीची फिल्म अपुरी होती."

कारभारीनाना उठले, बाहेर गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "अरे ए, बंद कर तो ट्रॅक्टर! बायका बाहेर येऊ द्या आधी!"

इंजिन थांबलं. वेलींखालून बायका एकेक करत वाकून बाहेर आल्या. भागीबाई सगळ्यात शेवटी, हातात कात्री.

"काय झालं वो नाना? खाडा धरता का काय?"

"नाही धरत. चहा घ्या."

गोरक्षशेठनी टीव्हीजवळ येऊन लाल कडेवर बोट टेकवलं. मग कुणाकडेही न बघता त्यांनी विचारलं, "चौकट दहाव्या ओळीपर्यंत वाढवली तर किती वेळ लागेल?"

"तीन दिवस."

"मग इथं काय करतेयस?"

निकितानं लॅपटॉप मिटला. नोकरी राहिली होती, हे तिला स्कूटर सुरू करताना कळलं. फाटकाशी भागीबाईंनी हात दाखवून थांबवलं, साडीवरचा शर्ट काढून तिच्या हातात कोंबला.

"ने. ठिपके मोज."