पॅशलीबाईंची जबानी

नॉर्मन बिकर्टनला व्यसन एकच, वेळेचं. एकोणीस वर्षं त्यानं इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या गावागावांतून फिरत्या वाचनालयाची गाडी हाकली. थोर्पवेलच्या थांब्यावर ती आली की लोक घड्याळं लावून घेत. कुणाला खोटं वाटेल, पण मी स्वतः लावलंय.

रोज सकाळी तो पोटात इन्सुलिन टोचायचा, तेही ठरल्या मिनिटाला. मग टोस्ट आणि अंडं. रक्तातली साखर एकदम उतरलीच तर असाव्यात म्हणून गाडीत स्टिअरिंगपाशी साखरेच्या गोळ्या ठेवलेल्या असत.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी टोस्ट राहिला. इन्सुलिन टोचून झालं आणि कळलं, गाडीची बॅटरी उतरलीय. ती ठीक करण्यात सहा मिनिटं गेली. थोर्पवेलला रांग उभीच होती, सगळ्यात पुढे ब्याऐंशी वर्षांच्या पॅशलीबाई. पुस्तकांवर शिक्के मारताना नॉर्मनच्या ओठांना मुंग्या आल्या. पॅशलीबाईंशी तो काहीतरी बोलला, पण काय ते त्याला नंतर आठवेना. गोळ्या हाताशी होत्या. पण माणसं ताटकळलेली असताना त्यांच्यासमोर तोंड हलवत बसायचं? शोभतं का ते? पुढच्या थांब्यावर खाऊ म्हणत त्यानं गाडी काढली. अहो, एक गोळी तोंडात टाकायला वेळ तो किती लागतो! पण आमच्याकडची माणसं मरतील, रांग खोळंबू देणार नाहीत.

मेला मात्र दुसराच. चर्चमागच्या रस्त्यावर टेड लॅम्ली कुंपण छाटत होता. गाडी वळणावर वळलीच नाही. नॉर्मन शुद्धीवर आला तेव्हा कुणीतरी टेडच्या अंगावर चादर ओढत होतं. टेडच्या मुलीनं मागवलेलं घोड्यांचं पुस्तक गाडीत तसंच पडलं होतं.

"नीट ऐका, मिस्टर बिकर्टन," त्याच्या वकील ड्यूहर्स्टबाई शुक्रवारी म्हणाल्या. "हात हलले, पण मन ठिकाणावर नव्हतं, तर कायदा ते तुमचं कृत्य धरत नाही. इन्सुलिननं अचानक शुद्ध गेली असेल, तर तुम्ही सुटू शकता. पण आधी चाहूल लागली होती आणि तरीही गाडी हाकलीत, तर हा बचाव गेला. मग तुरुंगाची तयारी ठेवा."

"म्हणजे सगळं त्या चाहुलीवर?"

"सगळं. ती लागली होती का, हे मी सोमवारी विचारणार आहे. मला एक सांगाल आणि कोर्टात मी दुसरं बोलेन, असं होणार नाही. विचार करून या."

घरी मेव्हिसनं, त्याच्या बायकोनं, चहाचा कप आदळला. "यात विचार कसला करायचाय? काही जाणवलं नाही म्हणायचं!"

"पण जाणवलं होतं गं."

"ते कुणाला ठाऊक? तुला न् मला. मी तर आत्ताच विसरले."

"आणि टेड?"

"तू आत गेलास म्हणून टेड परत येणारे का? चल, चहा पी मुकाट्यानं."

शनिवारभर नॉर्मन बागेतला एकच वाफा उकरत राहिला. रविवारी चर्चमध्ये टेडची बायको दोन बाकं पुढे बसली होती. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तुरुंगाची भीती लाजेहून मोठी होती. दुपारी त्यानं आरशासमोर म्हणून पाहिलं, "काही जाणवलं नाही." जमलं. दुसऱ्यांदा तर छान जमलं.

एवढ्यात दार वाजलं. पॅशलीबाई लिंबाचा केक घेऊन आल्या होत्या.

"नॉर्मन, बाळा, अजिबात काळजी करू नकोस. काल पोलीस आले होते. मी तुझ्या बाजूनं सगळं सांगितलं."

"काय सांगितलंत, पॅशलीबाई?"

"जे होतं तेच! म्हटलं, बिचाऱ्याचा काय दोष? त्याला आधीपासूनच बरं नव्हतं. शिक्का मारताना हात लटलट कापत होता, कपाळावर घाम. मी म्हटलं, बस जरा, माझ्या पिशवीतला केक खा. तर म्हणाला, नको, साखर उतरलीय ते कळतंय मला, पण आधीच सहा मिनिटं उशीर झालाय. कामाला इतका जागणारा माणूस! साहेबांनी विचारलं, अगदी हेच शब्द? म्हटलं, अगदी हेच. त्यांनी मला वाचूनही दाखवलं बघ."

भीक नको पण कुत्रं आवर, असं मेव्हिसच्या तोंडावर आलं होतं. पण ती केक कापायला सुरी घेऊन आली.

"सही केलीत?" नॉर्मननं विचारलं.

"केली की, चष्मा लावून! बरं, आता हा तुकडा घे. आज नाही म्हणायचं नाही."

नॉर्मननं तुकडा घेतला, थँक यू म्हणाला, आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या सगळा खाल्ला.