उजव्या खांद्यावरचे फूल

गोष्टींच्या पुस्तकांत एखादा करडा काका नाहीतर मास्तर असतो, दोन चलाख पोरे असतात आणि शेवटी काकाची फजिती होते. आमच्या शाळेत अशी गोष्ट वाचली जाऊ लागली की सारा वर्ग खिदळत असे. मला तेव्हाही हसू येत नव्हते. फजिती झाल्यावर तो काका घरी जाऊन काय करतो, हे त्यांतल्या एकाही लेखकाने लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मला ते ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

वेल्ह्याला कचेरीसमोर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीत थांबले. पुढे शिकायचे तर भोरला राहावे लागणार होते आणि मला तिथे ठेवणारा कोणी निघाला नाही. तरीही माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषापायी परत आलेला नाही, हे मी कोणासमोरही सांगू शकतो.

धाकटा भाऊ आणि त्याची बायको सारोळ्याजवळ हमरस्त्याला वड्यांची गाडी लावतात. त्यांची राहण्याची खोली एवढीशी, म्हणून त्यांची मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा पासलीला माझ्या घरी असतात. पहाटे उठणे, शुद्धलेखनाचे एक पान आणि मोबाईल कपाटात, ही माझी शिस्त. या शिस्तीबद्दल मला कोणी आभाराचा शब्द बोलले नाही आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

या उन्हाळ्यात मी ठरवले की मुलगा भोरच्या वसतिगृहात जाईल आणि मुलगी वेल्ह्याच्या. जे मला मिळाले नाही ते यांना आयते मिळत होते. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "तात्या, दोगांना एकाच गावात ठिवा की. ह्यो एकटा न्हाई ऱ्हायचा."

"सवयीने राहील."

"आन् म्या?"

"तूही राहशील. दोघे एकत्र राहिलात तर खोड्यांशिवाय काही शिकणार नाही."

मला वाटले, विषय संपला.

भाऊ मात्र फोनवर घुटमळू लागला. "दादा, येवढं मोठं काम देवाला इचारल्याबिगर आपल्या घरात कवा केलंय का?" मी म्हणालो, लावू कौल. आमच्या ग्रामदैवताच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या हाताने एकेक फूल चिकटवतो आणि मग प्रश्न विचारतो. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. फूल हाताने काढायचे नाही, ते आपोआप गळू द्यायचे, असा रिवाज आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या भातखाचराच्या बांधावरून चुलतभावाशी तंटा झाला, तेव्हा याच देवाने माझ्या बाजूने उजवे दिले होते आणि चुलतभावाने मुकाट्याने बांध सोडला होता. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

देवापुढचा प्रश्नसुद्धा नीट बांधावा लागतो. गुरव गबाळे विचारतो, म्हणून मीच मसुदा केला आणि ओटीवर फेऱ्या घालीत मोठ्याने म्हणून पाहिला: "ही दोन लेकरे शिक्षणार्थ परगावी पाठवावीत, अशी देवाची इच्छा असल्यास उजवे फूल द्यावे." दोन्ही पोरे खांबाला टेकून फणसाचे गरे खात शांतपणे ऐकत होती. त्यांच्या लक्ष देण्याचे मला कौतुक वाटले, हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात.

कौलाच्या दिवशी मुलगी मी हाक मारण्याआधीच उठली आणि देवाच्या अंघोळीला पाण्याची कळशी घेऊन देवळात गेली. मी शेजाऱ्याला म्हणालोसुद्धा, "याला वळण म्हणतात."

सगळे जमले. भाऊ गाडी बंद ठेवून आला होता. गुरवाने फुले लावली, मी घोटून घेतलेला प्रश्न त्याने अडखळत म्हटला, आणि त्याचे शेवटचे अक्षर संपते न संपते तोच डावे फूल टपकन खाली आले. उजवे जागचे हलले नाही. पारावरचा एक म्हातारा पायरीवरून ओरडला, "काय वो सायेब, देवानं अर्ज फेटाळला जनू! आता वरच्या कचेरीत जावा!" देऊळभर हशा पिकला. माझा भाऊही हसला. मुलगी मान खाली घालून उभी होती आणि मुलगा तिचा हात घट्ट धरून होता.

भाऊ त्याच दिवशी "देवाचं ऐकू, दादा" म्हणून मोकळा झाला. वसतिगृहांचा विषय मिटला. पण ते उजवे फूल पडेचना. रोज अंघोळ होई, फूल वाळून काळे पडले, तरी खांद्याला धरून होते. "देव सोडंना," म्हणत बायका त्याला हात जोडू लागल्या. वाळलेले फूल पाण्याच्या ओलीवर टिकत नाही, एवढे मला समजते.

एका दुपारी देऊळ रिकामे पाहून मी आत गेलो आणि नखाने फूल उचकटले. त्याखाली फणसाचा चीक होता, बोटभर जागेत व्यवस्थित फासलेला. पुरावा माझ्या हाती आला. त्या क्षणी गुरवाला, म्हाताऱ्याला आणि भावाला हाक मारून तो दाखवायचा आणि पोरांना दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसवायचे, असे मनात आले.

पायरी उतरताना चुलतभावाचे शेत समोर दिसले. कौल चिकटवता येतो, हे मीच गावाला दाखवून दिले, तर तो पहिला प्रश्न कोणाला विचारील? बांधाचा माझा कौल खरा होता. पण ते सांगायला देव येणार नव्हता. मी तसाच घरी आलो.

बोटे एकमेकांना चिकटली होती. मी न्हाणीत पाण्याखाली हात घासत होतो, राख लावून पाहिली, काही उपयोग होईना. मागून पावले वाजली. मुलगी खोबरेल तेलाची वाटी घेऊन उभी होती आणि तिच्या आड मुलगा होता. तिने माझ्या बोटांकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे.

"पान्यानं न्हाई जायाचा त्यो, तात्या," ती म्हणाली. "तेल लावा."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याचाच मला अधिक संताप आला. पण हात पुढे करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मी तेल लावले.