न आलेला नैवेद्य

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा डोळ्यांदेखत आरोपी कोर्टाच्या आवारातून पळालेलाही पाहिला. पण निवृत्तीनंतर कोणी म्हणालं, साहेब एखादी केस सांगा, की मला आधी आठवते ती पुस्तकं जाळल्याची. तिच्यात रक्त सांडलं नाही, कोणाला शिक्षा झाली नाही, तरी ती अजून डोक्यातून जात नाही. नावं सांगणार नाही, गावही नाही. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगाला बरीच गावं आहेत, त्यातलं एक समजा.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. दुसऱ्या दिवशी त्या गावची यात्रा, म्हणून सकाळच्या हजेरीतच बंदोबस्ताच्या नेमणुका वाचून दाखवत होतो. तेवढ्यात गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. धर्मशाळेच्या मागं कोणीतरी पुस्तकांचे खोके जाळले होते.

पुस्तकांची हकीकत अशी. गावात एका महाराजांची समाधी आहे. ते कुठूनतरी आले, डोंगरावर उंबराखाली बसले, जन्मभर ब्रह्मचारी राहिले, एवढंच लोक सांगतात. त्याच गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक सांगलीला राहायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी महाराजांच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली होती. तिच्यात महाराज माणूस होते. त्यांना थंडीताप यायचा, कुत्र्यांची भीती वाटायची, आणि त्यांना बायको होती. तिला सोडून ते निघून गेले आणि ती बिचारी दारात उभी राहून वाट बघत मेली. यात्रेत, समाधीसमोर, या पुस्तकाचं प्रकाशन व्हायचं होतं. प्रती आधीच आणून धर्मशाळेच्या खोलीत ठेवल्या होत्या. खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. यात्रेच्या गावात कुलूप लावलं तर लोकांना वाईट वाटतं म्हणे.

मी जागेवर गेलो. राखेत पेट्रोलचा वास नव्हता, रॉकेलचा नव्हता. कडेला उसाचं पाचट आणि शेणीचे तुकडे पडले होते. आणखी एक गोष्ट खटकली. पुस्तकं नुसती ढिगानं पेटवली की कडा करपतात आणि आतलं तसंच राहतं. दंगलीत जाळलेली दुकानं पाहिली आहेत, म्हणून सांगतो. इथं एकही पान उरलं नव्हतं. कोणीतरी एकेक पुस्तक उघडून, हवा खेळेल असं रचून, सावकाश जाळलं होतं. मी हवालदारांना म्हणालो, "हे रागाचं काम दिसत नाही." ते म्हणाले, "साहेब, पाचट काय, गावात घरोघर हाय." तेही खरंच होतं.

दुपारपर्यंत ठाण्यात निनावी फोन आला. "गुरवाच्या पोराला धरा. पहाटं त्यो तिथंच हुता." गुरव म्हणजे समाधीचा पुजारी, आणि हा त्याचा थोरला मुलगा. गावच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "आमच्या म्हाराजाला बायकू चिकटवताय व्हय? बघतो कसं परकाशन हुतंय त्ये." इतकं बोललेला माणूस संशयातून सुटत नाही. त्यात हा पोरगा सैन्यभरतीत उतरला होता. मैदानी झालं होतं, वैद्यकीय झालं होतं, लेखी निघाली होती. राहिली होती फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी, आणि ते कागद माझ्याच टेबलावर होते. त्याच्या नावानं गुन्हा दाखल झाला असता तर भरतीचा विषय तिथंच संपला असता.

मी त्याला बोलावून घेतलं. उंचापुरा, खाली मान घालून बसलेला.

"पहाटे तिकडं कशाला गेला होतास?"

"पळायला सायेब. रोजच जातो."

"पुस्तकं तू जाळलीस?"

"न्हाई."

"मग जाळताना कोणाला बघितलंस?"

यावर तो गप्प झाला. खोटं बोलणारा माणूस गप्प बसत नाही, तो जास्त बोलतो. हा आपला टेबलाच्या पायाकडे बघत होता. मी आवाज चढवला, मग समजावलं, मग पडताळणीचे कागद त्याच्यासमोर ठेवले.

"हे काय आहे, कळतंय का? तुझं सगळं यावर आहे."

"कळतंय सायेब. मी बघितलंय. पर नाव सांगणार न्हाई. तुमास्नी काय लिवायचं त्ये लिवा."

मला त्याचा संताप आला. गाढवा, म्हणालो, दुसऱ्याच्या पायी स्वतःचं वाटोळं करून घेतोस. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. संध्याकाळी त्याला घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा हजर राहायला सांगितलं.

गुरुजी सांगलीहून येऊन बसलेच होते. त्यांचा तक्रारी अर्ज मी चौकशीला ठेवला होता, ते त्यांना पसंत नव्हतं. "साहेब, मी कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. मी महाराजांवर प्रेमानंच लिहिलंय. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली त्यात. उद्या संध्याकाळी मी फिर्याद देणार आणि तिच्यात त्या पोराचं नाव घालणार." माणूस वाईट नव्हता. दुखावलेला होता, आणि दुखावलेल्या माणसाला कायदा फार आवडतो.

यात्रेच्या दिवशी मी बंदोबस्तावर समाधीपाशीच होतो. भर दुपारी आरतीची वेळ उलटली तरी घंटा वाजेना. माणसं चुळबुळ करायला लागली. गुरव पायरीवर उभा राहून गावाच्या रस्त्याकडे बघत होता. मी विचारलं, "काय झालं? आरती का थांबलीय?"

"नैवेद्य आला न्हाई सायेब."

"एवढे नैवेद्य आलेत की."

"त्ये न्हवं. वरल्या आळीच्या घरचा. पैला त्यो लागतो. माझ्या बापाच्या, आज्ज्याच्या काळापास्नं कवा चुकला न्हाई."

मग त्यानं रीत सांगितली. त्या घरची सूनच नैवेद्य आणते, लेक कधी नाही. नाचणीची भाकरी, वरण्याच्या दाण्यांची आमटी, बाकी गोडधोड काही नाही. ती आत येत नाही, हात जोडत नाही. पायरीवर ताट ठेवते आणि मागं न बघता जाते. ते ताट महाराजांना दाखवून मग गुरवाच्या घरात जेवायला जातं. असं का, ते गुरवाला माहीत नव्हतं. गुरुजींनी मात्र कालच मला सांगितलं होतं की महाराजांची बायको त्यांना सुचली ती या भाकरीवरूनच. पुस्तकाची पहिली प्रतही त्यांनी यात्रेच्या बऱ्याच आधी त्याच घरी नेऊन दिली होती.

मी तिथंच उभा राहिलो. तपासात आम्ही कोण काय वेगळं करतोय ते बघत असतो. कोणी नेहमीचं करायचं सोडलं, हे बघायचं राहून जातं. यात्रेला पिढ्यान्पिढ्याचा नैवेद्य एक घर चुकवतं, तेही नेमकं पुस्तकं जळाल्यावर. शिवाय ते पाचट, त्या शेणी आणि ती नीट रचलेली आग. जन्मभर चूल पेटवलेल्या हाताचं काम होतं ते.

गुरवाला म्हणालो, आरती थोडी थांबवा. महिला हवालदारांना घेऊन मी त्या घरी गेलो.

सोप्यात एक म्हातारी बसली होती. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. नवरा फौजेतून पेन्शनवर आलेला, तो वारून बरीच वर्षं झाली होती. आत नातसून दाराला धरून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आक्काचा नव्हता.

"बसा सायेब. च्या ठेव गं."

"चहा नको आक्का. नैवेद्य का पाठवला नाही, एवढं विचारायला आलोय. तिकडं आरती थांबलीय, आणि इकडं गुरवाचा पोरगा ठाण्यात बसलाय."

ती एकदम ताठ झाली. "त्याला कशापायी धरलाय?"

"पुस्तकं जाळली म्हणून."

"त्यानं कुठं जाळली? मी जाळली." असं म्हणून तिनं पदर खोचला आणि उठली. "चला. आन् जळक्या हातानं नैवेद्य कसा धाडू, म्हणून न्हाई धाडला. बास?"

माझ्या नोकरीतली ही सर्वांत सोपी कबुली.

ठाण्यात ती शिरली तशी तो पोरगा उठून उभा राहिला. आक्कानं आधी त्यालाच झापलं. "तोंड शिवलं हुतंस व्हय रं? तुझी मिल्ट्री गेली असती म्हंजी?"

"तुमच्या घरची भाकरी खाऊन वाढलोय आक्का. कसं नाव घिऊ? वाटलं, तुमास्नी कळलं की तुमीच येशिला."

"मला कुनी सांगितलंच न्हाई, मुडद्या," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

फिर्याद द्यायला आधीच येऊन बसलेले गुरुजी खुर्चीतून उठले होते. त्यांना काही उमगत नव्हतं. "आक्का, तुम्ही? अहो, तुमच्याच घराचा मान म्हणून लिहिलं मी. महाराजांना बायको होती, हे पटलं नाही का तुम्हाला?"

"हुतीच की बायकू. त्ये खरं लिवलंस. माज्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. बाप्यास्नी ठावं न्हाई." ती खाली बसली. "पर तू तिला दारात उभी करून रडवलीस रं. नात रोज दुपारी वाचून दावायची. रोज ही रडतीय. म्हातारी झाली, तरी रडतीय. मरताना बी वाटंकडं डोळं. आरं, ती न्हाई रडत बसली. त्यो गेला. तिनं वाट बघायची तवढी बघितली. मग बापानं दुसरा नवरा करून दिला, पाट लावला, आमच्याच घरात. पोरंबाळं झाली. त्यांच्याच वंसाचं ह्ये घर."

वायरलेसवरचा माणूससुद्धा आवाज बारीक करून ऐकत होता.

"मग त्यो माघारी आला, म्हाराज हून. डोंगरावर बसला उपाशी. हिनं सुनंला सांगितलं, भाकरी ठिवून ये. आत जाऊ नगं, पाया पडू नगं. दारात आलेल्या गोसाव्याला वाढतो तसं वाढ आन् ये. त्यवढीच रीत. त्यात नवरा न्हाई आन् बायकू बी न्हाई."

गुरुजी पुन्हा खुर्चीत बसले. "मी सगळ्या घरांत विचारलं आक्का. तुमच्याही घरात. पण पुरुषांना विचारलं."

आता आक्काची गोष्ट खरी की गुरुजींची, याचा पुरावा ना माझ्याकडे होता ना त्या दोघांकडे. तिलाही ती सांगितलेलीच होती. पण गुरुजींनी माझ्या टेबलावरून अर्ज मागून घेतला आणि तक्रार नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आक्का, हे मी नव्यानं लिहू का? पण मग गावाला कळेल."

नातसून आमच्या मागोमाग ठाण्याच्या दारात येऊन थांबली होती. आक्कानं तिच्याकडे पाहिलं. लग्नाच्या नाती घरात होत्या आणि आजही पाटाचं घर म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"नावं ठिवतील," ती म्हणाली. "ठिवू देत. पाटाचीच पोरं फौजेत गेली आन् पाटाचीच भाकरी म्हाराजानं खाल्ली. लिव. पर नीट लिव." मग नातसुनेला म्हणाली, "घरला जा. हात धुवून भाकऱ्या थाप, लोकं खोळंबल्यात."

आरती त्या दिवशी उन्हं कलल्यावर झाली. पडताळणीच्या कागदावर मी त्याच संध्याकाळी 'प्रतिकूल काही नाही' लिहून सही केली. पोरगा आज सुभेदारकीच्या वाटेवर आहे. पुस्तक नव्यानं निघालं. थोडी कुरकुर झाली, थोडी सोयरिकीत अडचणही आली, पण नाती चांगल्या घरी पडल्या.

त्यानंतर भावना दुखावल्याचा अर्ज घेऊन कोणी आलं की मी एवढंच विचारायचो, कोणाच्या? आणि उत्तर देवाकडे बोट दाखवून आलं तर घरात आत कोण बसलंय, ते बघून यायचो. बहुतेक वेळा दुखणं आतच असायचं.

त्या दिवशी ठाण्यातून निघता निघता गुरुजींनी आक्काला एक शेवटचं विचारलं होतं. त्यांनी कादंबरीत त्या बाईला मनानंच एक छान नाव दिलं होतं. खरं नाव काय होतं?

आक्का विचारात पडली. "सासूनं सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आमी नुसतं थोरली म्हणतो."

मी जन्मभर जबाब घेतले. जबाब नावापासून सुरू होतो, नाव नसेल तर पुढचं काही लिहिता येत नाही. या बाईनं काय सोसलं, कोणाला खाऊ घातलं आणि कसं घातलं, ते सगळं मला कळलं. नाव तेवढं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी तिचं सांगणं तिच्या सुना आजवर पाळत आल्या होत्या.