मुहूर्ताचं टोपलं

शहाद्याजवळच्या, सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या आमच्या जिनिंगमधली कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण घरात इंग्रजी नीट वाचणारी मी एकटीच. सासरे, म्हणजे बाबूजी, कापूस मुठीत दाबून त्याचं गाव सांगतात. पण युरोपातल्या खरेदीदाराची ती जाडजूड प्रश्नावली त्यांनी माझ्या पुढ्यात ढकलली आणि म्हणाले, हे तुझं.

तिकडच्या नव्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना माल कुठून येतो, कोण पिकवतो, हे दाखवावं लागणार होतं. मग त्या कायद्याची मुदत पुढे गेली, तो बराच पातळही झाला, असं पेपरात आलं आणि बाबूजी खूश झाले. मी म्हटलं, कायदा गेला असेल पुढे, आपला करार गेलेला नाही. करारात स्वच्छ लिहिलं होतं की कळसाडी गावच्या शेतकऱ्यांचा सेंद्रिय कापूस शेतापासून गाठीपर्यंत वेगळा राहील. खोटं निघालं तर सही करणारा जबाबदार. सही माझी.

त्या हंगामात मी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. वेगळी ताडपत्री, हिरव्या चिठ्ठ्या, वेगळं कुलूप. हमालाच्या पायाला चिकटून दुसरा कापूस कळसाडीच्या ढिगात गेला तरी मी अंगावर धावून जायचे. पाठीमागे मला काय म्हणत ते ठाऊक होतं. म्हणू देत.

तपासणीला बाई आल्या त्या बेंगळुरूहून. हिंदी जेमतेम, मराठी शून्य. कागद पाहून त्यांनी मान डोलावली, मी शेवटच्या पानावर सही केली. मग त्यांना एका शेतकऱ्याशी बोलायचं होतं. कळसाडीचे एक काका सकाळपासून बाकावर बसून होते. बोंडअळीने अर्धं शेत खाल्लं, गाव हसलं, तरी तीन वर्षं या माणसाने औषधाच्या पंपाला हात लावला नव्हता. हा माल पास झाला तरच बाकीचं गाव त्यांच्या मागे येणार होतं. प्रश्न मी अहिराणीत विचारायचा, उत्तर इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं.

बाईंनी विचारलं, तुमच्या कापसात दुसऱ्या कोणाचा कापूस कधी मिसळतो का?

काका अभिमानाने म्हणाले, "नही. फक्त मुहूर्तले बठ्ठा गाडीवाला एकेक टोपलं देतस. भाभीच टाकस ढिगवर."

भाभी म्हणजे मी. खरेदीच्या पहिल्या दिवशी, मुहूर्ताला, दारात आलेल्या प्रत्येक गाडीतलं एक टोपलं घरच्या सुनेने एकाच ढिगावर ओतायचं, ही आमच्या जिनिंगची रीत. त्या वर्षी पूजा कळसाडीच्या ढिगाची मांडली होती, कारण तो ढीग माझ्या कौतुकाचा. मी हळदकुंकू वाहिलं आणि गावोगावच्या गाड्यांमधली टोपली स्वतःच्या हाताने त्याच्यावर रिकामी केली. हमालांवर डोळे वटारणारी मी! ही मिसळ आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ती पूजा होती.

बाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या. बाबूजी दारात उभे होते, त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, सोडून दे. 'नाही म्हणतात' एवढंच बोलायचं होतं. काका हसत होते. खरं सांगते, मला त्यांचाच राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली.

मी सगळं सांगितलं. टोपली कोणी ओतली, तेही.

बाईंनी माझ्या सहीचं पान काढून घेतलं. तो अख्खा ढीग, कळसाडीची पहिली वेचणी, साधा कापूस म्हणून गेला. काकांना तिथेच, बाकाशेजारी बसून मी समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग मन्हा तीन वरीस?"



यंदाच्या मुहूर्ताला ते आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. पूजा झाली आणि बाबूजींनी सवयीने भरलेलं टोपलं माझ्या हातात दिलं. काका उठले आणि आपल्या ढिगापुढे दोन्ही हात आडवे करून उभे राहिले.

"कुंकू लावा भाभी," ते म्हणाले, "टोपलं खाले ठेवा."

मी ते खाली ठेवलं.