दसऱ्याच्या सकाळी अडलेली होडी

आमची होडी डिझेल इंजिनावर चालते. नृसिंहवाडीच्या वरच्या अंगाला कृष्णेच्या अल्याड आमचं गाव आणि पल्याड मळे, त्यामुळं माणसं, वैरण, दुधाचे कॅन सगळं तिच्यातनंच येतं. सुकाणू आमचे मालक धरतात, इंजिनाचं मी बघते. कुणी शिकवलं म्हणाल तर कुणीच नाही. मालकांची पाठ धरली त्या साली हँडल मारायची पाळी माझ्यावर आली, आणि मारता मारता बाकीचंही कळत गेलं.

चार-पाच वर्षं झाली असतील. पल्याडच्या मळ्यात राहणाऱ्या आमच्या भावकीतल्या एका सुनेनं पहिल्यांदाच झेंडू लावला होता, अर्धा एकर. सासऱ्यांचा हट्ट उसाचा. "यंदा बघू, न्हाय जमलं तर पुन्हा फुलाचं नाव काढायचं न्हाय," असं त्यांनी चारचौघांत सांगितलेलं. आता झेंडू म्हणजे दसऱ्याचं गिऱ्हाईक. दुपारनंतर त्याला कोण विचारतंय? तिकडचा रस्ता पुरात खचलेला, म्हणून पोती आमच्या होडीनं अल्याड आणायची आणि नऊच्या एसटीनं जयसिंगपूरला न्यायची, असं ठरलं होतं.

सात वाजता तिचा फोन आला. "काकी, पोती घाटावर आणून ठेवल्यात. या की लवकर."

हँडल मारलं, पहिल्याच दणक्याला इंजिन सुरू झालं. म्हटलं, कालची खंडेनवमीची पूजा पावली. काठापासून दहा-बारा हात गेलो असू, तोवर ते अडखळलं, धापा टाकली आणि बंद. परतीच्या पावसानं पाण्याला ओढ होती, पण इंजिन नीट लागेपर्यंत होडीचा लांब दोर आम्ही काठाच्या झाडालाच ठेवतो म्हणून बरं. ओढून परत आणली.

मालकांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. "डिझेल तर हाय की गच्च."

झाकण लावलं, हँडल मारलं, सुरू! दोन-चार मिनिटं चाललं आणि पुन्हा बंद. पल्याडनं पोरगी हात हलवतीय, इकडं आम्ही दोघं इंजिनाच्या बोकांडी बसलोय.

जयसिंगपूरच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "डिझेलच्या नळीत एअर धरली असंल, काढा. मी आज येत न्हाय, पाने-हत्यारं पूजेला बसल्यात."

आमचेही पाने पूजेलाच बसलेले. खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडं फार कडक; सूट फक्त होडीला. मालक म्हणाले, "अगं, पूजा मोडायची व्हय?" मी म्हटलं, "अवो, ती फुलंबी पूजेचीच हायती." घरी जाऊन पान्याला नमस्कार केला, अक्षता झाडल्या आणि घेऊन आले.

इंजिनाच्या पंपाजवळचा बोल्ट सैल केला. आधी फेस आला, बुडबुडे आले, मग निवळ डिझेल. बोल्ट आवळला. इंजिन सुरू झालं, चाललं आणि परत गप्प. मालकांनी कपाळाला हात लावला. "पंपावाल्यानं पाणी घातलेलं डिझेल दिलंय बघ." घड्याळात आठ वाजून गेलेले. पल्याडनं फोन, "काकी, सासरे येऊन बसल्यात हितं. काय सांगू त्यास्नी?"

"येतोय म्हणून सांग," म्हटलं. काय कळून म्हटलं, देव जाणे.

मग झाकण मी स्वतः उघडलं. स्सू करून वारं आत ओढलं गेलं. मी पुन्हा लावून, इंजिन चालवून, बंद पडल्यावर पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. हा आवाज माझ्या ओळखीचा. गोडेतेलाचा डबा फोडताना एकच भोक पाडलं तर तेल नीट येत नाही, डचमळतं आणि अडतं. दुसरं भोक पाडलं की वारं आत जातं आणि धार लागते. टाकीच्या झाकणालाही वाऱ्यासाठी बारीक भोक असतं. ते शोधायला झाकण उलटंसुलटं केलं, आणि दिसलं काय? माझीच पूजा! काल इंजिनाचं कपाळ कुठलं म्हणून मी झाकणाच्या मधोमध तेलात कालवलेलं कुंकू जाड लावलं होतं, वर अक्षता चिकटवल्या होत्या. ते भोकात जाऊन घट्ट बसलेलं.

बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि भोक मोकळं केलं. मालकांना काही बोलले नाही. पुन्हा एकदा एअर काढली आणि हँडल मारलं. दहा मिनिटं काठालाच चालू ठेवलं, थांबलं नाही. मग दोर सोडला.

पल्याड पोती होडीत घालेपर्यंत सासरे बाजूला बसून होते. शेवटी उठले आणि एक पोतं स्वतः उचलून आणलं. नऊची एसटी काही मिळाली नाही. मालकांनी गावातल्या दुधाच्या टेम्पोवाल्याला विनवून पोती घातली. ती दहाला बाजारात पोचली.

संध्याकाळी ती सून सोनं द्यायला आली. दोन पोती सोडून सगळं खपलं होतं, आणि सासऱ्यांनी पुढच्या साली किती सरी फुलाला ठेवायच्या ते विचारलं होतं. बरोबर झेंडूची एक माळ आणली होती, इंजिनासाठी.

"काकी, सकाळी झालतं काय त्याला?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "तुझ्या काकीनं त्याच्या नाकात कुंकू कोंबलतं." मला वाटलं होतं त्यांना दिसलं नाही.

माळ मी इंजिनाच्या बाजूच्या खुंटीला बांधली. झाकणापासून लांब.