बंदरातल्या टोपीवाल्या बायका

मी लातूरकडची. आमच्याकडे पाणी घागरीत, हंड्यात, फार तर टाकीत असायचं. त्यात माणसानं उतरायचंही असतं, हे मला नोकरीसाठी हिंजवडीला आल्यावर कळलं. राहायला खोली मिळाली ती कासार आंबोलीत, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर. घरमालकीण काकू साठीला टेकलेल्या. माहेर मुळशी धरणाच्या काठचं, त्यामुळे पोहण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. उन्हाळ्यात रविवारी सकाळी जुन्या नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून त्या शेतातल्या विहिरीत उडी मारायच्या. एक वर्ष मी पायरीवर बसून बघितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि मला आत ढकललं. ढकललं म्हणजे खरोखरच ढकललं. हातपाय मारायला मी शिकले, पण डबा सोडायचा धीर काही होईना.

त्याच वर्षी ऑफिसातली एक मैत्रीण आणि मी ग्रीसच्या एका लहानशा बेटावर आठ दिवस जायचं ठरवलं होतं. निघायच्या दोन महिने आधी ती स्कूटरवरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. एकटीनं जावं की सगळं रद्द करावं, या विचारात मी खाली ओट्यावर बसले होते. काकूंकडे पासपोर्ट होता. लेकीच्या बाळंतपणाला त्या दुबईला जाऊन आल्या होत्या.

"काकू, तुम्ही येता का?" मी आपलं सहज विचारलं.

त्या लसूण सोलत होत्या. "तितं पाण्यात उतरू देत्यात का?"

"देतात की. लोक त्यासाठीच जातात."

"मंग येते. अलिबागला समुद्र बघितलाय मी. पण ह्यांनी घोट्याच्या वर जाऊ दिलं न्हाई."

काका शेजारीच पेपर वाचत होते. डोकं वर न काढता म्हणाले, "जा की. आता कोण अडवतंय?"

सप्टेंबरात आम्ही गेलो. अथेन्सहून बोटीनं पाच-सहा तास, आणि मग ते बंदर. बंदर कसलं, डोंगराच्या कुशीत शिरलेला पाण्याचा एक तुकडा. काठानं पांढऱ्या घरांची एक ओळ, दोन खानावळी, आठ-दहा होड्या, धक्क्यावर पसरलेली पिवळी जाळी आणि त्यांच्यावर झोपलेली मांजरं. आमची खोली एका खानावळीच्या माडीवर होती. खानावळीची मालकीण काकूंच्याच वयाची, तिचा नवरा मासेमारी करायचा. दारात तारेवर ऑक्टोपस वाळत घातला होता. काकूंनी बॅग खाली ठेवून तो निरखला आणि म्हणाल्या, "पाय किती हायेत ह्याला! धुताना हाल होत असतील बाईचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तर धक्क्याजवळ पाण्यावर सहा टोप्या तरंगत होत्या. गवती, रुंद काठाच्या. टोप्यांखाली बायका होत्या, साठी-सत्तरीच्या, गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहून निवांत बोलत असलेल्या. त्यात आमच्या खानावळीची मालकीणही होती. काकूंनी तासाभरात काष्टा खोचला आणि दगडी पायऱ्यांवरून सरळ आत गेल्या. पहिल्या डुबकीनंतर तोंड वाकडं करून थुंकल्या. "लई खारं हाय." मग पाठीवर पडल्या आणि हात हलवायच्याच थांबल्या. "पोरी, हे पाणीच धरून ठिवतंय माणसाला. काय करायलाच लागत न्हाई."

मी पायऱ्यांजवळची लोखंडी कडी सोडली नाही.

त्या बायकांनी नऊवारीकडे एकदा पाहिलं आणि सरकून काकूंना जागा करून दिली. रोज सकाळी हाच कार्यक्रम. त्या ग्रीकमध्ये बोलायच्या, काकू मुळशीच्या मराठीत. दोन्हीकडून माना हलायच्या. तिसऱ्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "मालकिणीचे दोनी गुडघे दुखत्यात. पाण्यात बरं वाटतं तिला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनंच सांगितलं."

जेवायला बोटाएवढे मासे यायचे, डोक्यासकट तळलेले, वर लिंबू. नाहीतर एखादा मोठा मासा निखाऱ्यावर भाजून, मीठ आणि तेल लावलेला. पहिल्या दिवशी काकूंनी पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची बाटली काढली. मालकिणीनं बोटावर घेऊन चाखला, पाणी प्यायली आणि अगदी नम्रपणे बाटली परत सरकवली. काकूंना राग आला नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मासा भाजताना बघत राहिल्या. जेवून उठल्यावर म्हणाल्या, "सकाळचा मासा सकाळीच चुलीवर. मसाला कशाला लागतोय मंग?" गुरुवारी मात्र त्यांनी माशाला हात लावला नाही. पाव, टोमॅटो आणि खारट चीज खाल्लं, आणि मालकिणीला हात जोडून दाखवले. तिनंही छातीवर क्रूसाची खूण केली. विषय संपला.

पाचव्या दिवशी वारा सुटला. काठाला फारसा जाणवत नव्हता. बायका नेहमीसारख्या पाण्यात होत्या. एका झोतासरशी मालकिणीची टोपी उडाली आणि बंदराच्या तोंडाकडे निघाली. कुणी काही म्हणायच्या आत काकू तिच्यामागे सुटल्या. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे त्या भराभर गेल्या. टोपी पकडली, डोक्यावर घातली आणि वळल्या. मग मात्र त्या जागच्या हलेनात. हात चालले होते, पण काठ जवळ येत नव्हता. लाटा तोंडावर फुटत होत्या. मी कडी धरून "काकू, काकू" करत होते. दुसरं काही मला येतच नव्हतं. मालकिणीनं नवऱ्याला हाक मारली. धक्क्यावर बसलेला तो हातातली जाळी टाकून धावला, होडी सुरू केली आणि दोन मिनिटांत काकूंपाशी पोहोचला.

त्यानं हात पुढे केला. काकूंनी मान हलवली. ओल्या लुगड्यानिशी परक्या माणसाकडून होडीत ओढून घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यानं पुन्हा हात केला, त्यांनी पुन्हा मान हलवली. शेवटी त्यानं दोर टाकला. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि होडीमागून, डोक्यावर टोपी घालून, पायऱ्यांपर्यंत आल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीण रडत होती आणि हसतही होती.

काकूंनी टोपी काढून मालकिणीला दिली. मी दिलेला टॉवेल गुंडाळून त्या सरळ वर खोलीत गेल्या. दुपारी खोलीत पडल्या पडल्या म्हणाल्या, "भ्याले गं. हिरीला चारी बाजूनं काठ असतोय. कुटंबी गेलं तरी हात पोचतो. हितं तसं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप्या पाण्यात होत्या, पण काकू पलंगावर बसून राहिल्या. "आज नको. अंग दुखतंय." मला ते खरं वाटलं नाही. मी एकटीच खाली गेले, पायऱ्या उतरले, कडी धरली. खिडकीत काकू दिसत होत्या. त्यांना खाली आणायचा दुसरा मार्ग मला सुचला नाही. मी कडी सोडली. चार हात मारले, पाचवा मारताना तोंडात पाणी गेलं, पण मी बुडाले नाही. मालकिणीच्या खांद्यापाशी पोहोचले आणि तिला मिठी मारली.

"काकू, चला!" मी ओरडले.

"डबा न्हाई ना पाठीला?" खिडकीतून विचारणा झाली.

"नाही."

दहा मिनिटांनी काष्टा खोचून त्या पायऱ्यांवर आल्या. "कमरंइतकंच येणार हाय," म्हणाल्या. कमरेइतक्या आल्या, मग छातीइतक्या. मालकिणीनं त्यांचा हात धरला आणि बायकांच्या मधोमध नेऊन उभं केलं. तिथं काकूंनी गुडघ्यांवर कसलंसं तेल चोळायची पद्धत खुणांनी समजावली. सगळ्याजणी लक्षपूर्वक बघत होत्या.

उरलेले दोन दिवस आम्ही दोघी मिळून पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिवळ्या बोयापर्यंत जाऊन परत येत होतो, काठाकाठानं, वारा बघून. निघायच्या दिवशी बोट बाराला होती. साडेअकरापर्यंत आम्ही पाण्यातच होतो. मग धावतपळत साड्या-कपडे बदलले, मालकिणीनं कागदात बांधून दिलेले तळलेले मासे घेतले आणि ओले केस तसेच बांधून बोटीत चढलो.