मामांचा जुना हायवे

ओसाड जागी एकट्याच्या जिवावर गर्दी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे नागपूरचे मामा. २००५च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे अमेरिकेत, सनीव्हेलला राहायला आले. ज्या अपार्टमेंटमध्ये मी कधी शेजाऱ्याचं नावही विचारलं नव्हतं, तिथं आठवड्याभरात सगळे मला 'मामांच्या घरातला' म्हणून ओळखू लागले. मराठी सावकाश आणि मोठ्याने बोललं की जगात कुणालाही कळतं, अशी मामांची पक्की समजूत होती, आणि पंचाईत ही की ती बहुतेक वेळा खरी ठरायची.

ते परतण्याआधी त्यांना ग्रँड कॅन्यनची दरी दाखवायचं आम्ही ठरवलं. वाटेत बार्स्टोला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत पोचलो तरच दरी दिसणार होती, कारण तिसऱ्या दिवशी पहाटेच परतीला लागायचं होतं आणि चौथ्या दिवशी मामांचं विमान होतं. पण 'ऐतिहासिक जुना हायवे' अशी पाटी दिसली आणि मामा म्हणाले, "जावईबापू, इकडून घ्या."

जुना हायवे म्हणजे तापलेली माती, बंद पडलेली मोटेलं आणि मधूनच एखादं चिमुकलं गाव. प्रत्येक गावात मामा उतरायचे. पेट्रोल पंपावरच्या माणसाला विचारायचे, "यंदा पाऊसपाणी कसं काय?" तो हाताने बाथरूम दाखवायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून मामा तिथं जाऊनही यायचे. एका पंपावर तापमान एकशे दहा पाहून ते हबकले. बायकोने सेल्सिअसचा हिशेब करून त्रेचाळीस सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग हे तर आपलं नेहमीचंच," म्हणून त्यांनी गाडीतला एसी बंद करायला लावला.

ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात ते कांदा ठेवत. पुढच्या गावात रानगाढवं रस्त्यावर मोकळी हिंडत होती. मामा एकाची विचारपूस करायला वाकले, तर त्याने शांतपणे त्यांच्या खिशातला कांदा काढून खाल्ला. त्याबरोबर, तोवर ठणठणीत असलेले मामा "मला ऊन लागून राहिलं" म्हणत समोरच्या हॉटेलच्या पायरीवर बसले.

हॉटेल एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. आत आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी खुणा करून सांगितल्याप्रमाणे त्यांनी लिंबाच्या सरबतात मीठ घालून दिलं आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या नवऱ्याने हे हॉटेल स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. मग पलीकडून मोठा हायवे झाला, गाड्या तिकडे वळल्या, आणि पुढे नवराही गेला. बाई इंग्रजीत सांगत होत्या, मामा मराठीत "अरे बाप्पा" म्हणत होते. बायकोने थोडा वेळ दोन्हीकडचं भाषांतर केलं. आपली गरज नाही हे कळल्यावर तिने ते सोडून दिलं. मग मामा मामींबद्दल सांगू लागले, आणि बाई मान डोलवत ऐकत राहिल्या.

मी खुणावलं, घसा खाकरला, गाडीची किल्ली वाजवली. उन्हं कलली. अखेर बाईंनीच उठून दिवे लावले, तेव्हा मामा उठले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, दरी राहिली."

"दरी कुठं जाते?" मामा म्हणाले. "बाई बोलून राहिल्या होत्या. मधातून कसं उठायचं?"

गाडी सुरू झाली. पुढचं गाव आलं, पण मामा उतरले नाहीत. हे इतकं नवीन होतं, की त्यांना खरंच ऊन लागलंय की काय, असं मला वाटलं. मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "मामी गेल्यापासून दुपार अशी भर्रकन सरली नव्हती, जावईबापू."

मागच्या सीटवरून बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी गाडीचा वेग कमी केला. आता कुठं वेळेवर पोचायचं उरलं नव्हतं.